सव्वा लिटर

१४ फेब्रुवारी २०२५

साळू वन्सं,

मायना घालत न्हाई. आशीर्वाद लिहावा तर तुमी घ्यायच्या न्हाई, आन् नमस्कार लिहावा तर मी मोठी भावजय. म्हणून सरळ कामाचं लिहिते.

मामांना, म्हंजे तुमच्या आबांना, जाऊन वरीस होत आलं. भटजींनी वीस एप्रिलची तिथी काढून दिलीया, रविवार येतोय. वर्षश्राद्ध इथंच कृष्णेच्या घाटावर करायचं हाय. तुमच्या आबांचं वर्षश्राद्ध एकुलत्या लेकीबिगर झालं तर गाव तोंडावर बोलंल. तुमचा फोन लागतो पण तुमी उचलत न्हाई. माझा न्हाई ते न्हाई, ह्यांचाबी न्हाई, सख्ख्या भावाचा. म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपातूर, अक्षर कसं हाय ते तुमाला ठाऊक हाय. मी लगीन करून आले तवा तुमी सातवीत होता, चुलीपुढं बसून माझ्याकडनं जोडाक्षरं घोटून घेतली होती आन् चुकलं की फुंकणीनं मारायच्या. तवा हसायच्या तशा आताबी हसा.

मागचं उगाळण्यात अर्थ न्हाई. तुमी ताक पाजलं ते काय वाईट मनानं पाजलं न्हाई, एवढं मला कळतं. बाप पाणी पाणी करत होता, तुमाला बघवलं न्हाई. डॉक्टरनं दिवसाला सव्वा लिटरची हद्द घालून दिलेली, ती तुमी मोडली. तिसऱ्या दिवशी मामा पडले, सातव्या दिवशी गेले. चूक झाली. दहाव्याला भावकीतल्या बायकांनी तुमाला घाटावर लांब उभं केलं, ते मी केलं न्हाई. मी नुसती गप राहिले. आता माझ्या मनात काय न्हाई, मी माफ केलंय. तुमी या.

इकडं ऊस गेला. रिकाम्या रानात आटपाडीकडची मेंढरं बसवलीत खतासाठी. मेंढरंवाला कोंडीबा तुमच्याच गावचा निघाला. तुमचं नाव काढलं की लय चांगलं बोलतो, मला ऐकून घ्यावं लागतं.

उत्तर धाडा. आवं, एक ओळ तरी.

मंगल

१० मार्च २०२५

वन्सं,

उत्तर न्हाईच. बरं.

काल कोंडीबा भाकरी न्यायला परड्यात आला. मी थापतच होते. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आन् म्हणाला, "वैनी, तुमच्या पाव्हण्यांचंबी हृदय बिघडलं की."

मी म्हटलं, "कोणच्या पाव्हण्यांचं? नीट बोल."

"आवं नाथाजीरावांचं, साळूबाईच्या मालकांचं. पुसाच्या म्हैन्यात कसला गारठा पडला हुता! पहाटं बोअर चालू कराया गेलं आन् छाती धरून तितंच खाली बसलं. विट्याला ॲडमिट हुतं आठ दिस. आता बरं हायती, पर पाणी मोजून. साळूबाई बाटली घिऊन मागं मागं फिरतीया मास्तरणीगत. त्यास्नी म्हनलं, पाव्हनं, आमच्या मेंढरास्नी दोन टाइम पाण्याच्या डोणीवर सोडतो आमी, तुमाला तर तेवढंबी न्हाई!"

तो खदाखदा हसला. तव्यावरची भाकरी माझ्या हातनं करपली.

मी विचारलं, "बाटली कसली?"

"खूण केल्याली. तुमच्यात शिकली म्हणं. म्हाताऱ्याच्या वक्ताला चूक झाली, आता हुऊ द्यायची न्हाई म्हनती."

वन्सं, ऐका. पाव्हण्यांना उन्हाळा तापायच्या आधी परत डॉक्टरला दाखवून आणा. होळी झाली की लगेच जा, यात्रेची वाट बघू नका. लघवी व्हायची गोळी चालू असंल, तिचं आन् पाण्याचं माप परत विचारून घ्या. थंडीतलं माप उन्हाळ्यात चालत न्हाई. का म्हणून विचारू नका, मला माहीत हाय म्हणून सांगते.

मामांना जानेवारीत ॲडमिट केलं तवा डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलं होतं. थंडीत अंगातल्या नळ्या आखडतात, प्रेशर चढतं, हृदयाला जादा जोर लावावा लागतो. मामांचं पंपिंग आधीच कमी, त्यात ते पहाटे मोटरच्या गार पाण्यानं अंघूळ करायचे. पाय सुजले, आडवं पडलं की धाप लागायची. म्हणून सव्वा लिटर पाणी आन् सकाळी गोळी. आन् म्हणाले, मार्चअखेर परत आणा, ऊन वाढलं की हे सगळं बदलावं लागंल. मी म्हटलं, "हृदय काय पीक हाय व्हय डॉक्टर, हंगाम बघायला?" ते हसले. म्हणाले, "हंगाम बघावाच लागतो, बाई. कागदावर तारीख लिहून देतोय."

आमचं मार्चअखेर जाणं झालं न्हाई. कामं होती.

तेवढं पाव्हण्यांचं बघा.

मंगल

१९ मार्च २०२५

वन्सं,

कोंडीबा मेंढरांचं औषध आणायला गावाकडं जाऊन आला. त्याच्याजवळ मी निरोप धाडला होता की साळूबाईला म्हणावं पाणी मोजायचं थांबव, आधी डॉक्टरला विचार. तुमी त्याला जे उत्तर दिलं ते त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं. ह्या बारीला हसला न्हाई.

"वैनीला सांग, पाणी पाजून मी एकदा बाप मारलाय. आता मला नवरा मारायचा न्हाई."

काल सकाळी मी आटपाडीला यायला निघाले. ह्यांना सांगितलं, कराडला बाजाराला जाते. कराडातनं गाडी बदलली, विट्यापातूर आले. स्टँडवर उतरून आटपाडीच्या फलाटावर उभी राहिले. गाडी लागली. माणसं चढली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, यायचंय का न्हाई?" मी म्हटलं न्हाई. परत फिरले. येताना कराडातनं कोबी आन् दोडका आणला, बाजार दाखवायला.

तुमच्या दारात उभं राहून हे सांगायची माझ्यात ताकद न्हाई. चारचौघात तोंड टाकायला मी लय शूर हाय, ते तुमाला ठाऊक हाय. म्हणून लिहिते. कोंडीबाला सांगितलंय की उद्या खास हेच घेऊन जा, मेंढरं मी बघते.

तुमच्या ताकानं मामा गेले न्हाईत. माझ्यामुळं गेले.

आता पहिल्यापासनं सांगते. मधी कुठं माझीच बाजू घेतली तर ती ओळ सोडून पुढं वाचा.

मार्चअखेरची तारीख कागदावर होती. अठ्ठावीस. कागद कॅलेंडरमागं खोचलेला. ह्यांनी दोनदा आठवण केली. मी म्हटलं, यात्रा झाल्यावर बघू. घर सारवायचं, चुना द्यायचा, पाहुणे वीस-पंचवीस, बोकड बघायचा. मामांना गाडीतनं नेऊन दिवस घालवायचा, त्यात काय तब्येत बिघडली न्हाई, पायाची सूज उतरलेली. मला वाटलं, माझ्या मापानंच उतरली. वन्सं, मला त्या बाटलीची घमेंड झाली होती. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तिच्यावर मी नेलपॉलिशनं लाल रेघा मारल्या होत्या. सकाळी एवढं, दुपारी एवढं, रात्री एवढं. चहाबी त्यातच धरायचा, आमटीतलं पाणीबी. शेजारच्या बाया म्हणायच्या, मंगल सासऱ्याचं लय करती, नर्सला येणार न्हाई असं करती. मला बरं वाटायचं. तीस वर्षांत मला कुणी कशात चांगलं म्हटलं नव्हतं.

एप्रिल लागला. तुमाला आठवत असंल मागल्या साली कसलं ऊन होतं, आमच्याकडंच चाळीसच्या वर गेलं. मामांची खोली पत्र्याची. दुपारी आत हात घातला तरी भाजायचं. घामानं त्यांची बंडी पाठीला चिकटायची, आन् मी त्यांना थंडीतल्याच मापानं पाणी देत होते, थंडीतलीच गोळी देत होते. ते म्हणायचे, "मंगल, टाळूला जीभ चिकटतीया गं." मी म्हणायचे, "डॉक्टरनं सांगितलंय, माझ्या मनाचं न्हाई." उभं राहिलं की भिंत धरायचे. मी म्हणायचे वय झालं. माठाजवळचा तांब्या मी उचलून फळीवर ठेवला, त्यांचा हात पुरू नये म्हणून.

हे पुढचं लिहू का नको म्हणून मी मधी उठून शेण काढून आले.

एक दिवस दुपारी खोलीत गेले तर ते तोंडात टॉवेल धरून बसलेले. अंग पुसायला ओला करून दिलेला टॉवेल. त्याचं टोक चोखत होते. मला बघून त्यांनी पटकन तोंडातनं काढला आन् मांडीखाली घातला. चूक केलेल्या लेकरागत. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं न्हाई. आन् मी काय केलं? टॉवेल ओढून घेतला. म्हटलं, "मामा, चोरी करताय व्हय?" दारावर वाळत घातला. त्या दिवसापासनं पिळून, वाळवून दिला टॉवेल.

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. ह्यांनापण न्हाई.

मग यात्रेला तुमी आला. आल्या आल्या तुमी बापाचे ओठ बघितले. मला म्हणाला, "वैनी, आबांच्या ओठाला भेगा पडल्यात." मी म्हटलं, "तूप लावा." तुमी मागच्या दारानं ताकाचा पेला नेला. एक पेला, वन्सं. तोबी पुरा न्हाई, खाली चार बोटं उरलेलं मी माझ्या डोळ्यानं बघितलं. आन् मी पाहुण्यांसमोर, बोकडाच्या मटणाच्या पंगतीत, तुमाला काय काय बोलले! "बापाला मारायला आलीस व्हय?" म्हटलं. तुमी म्हणाला, "वैनी, तहान लागलेल्याला पाजलं, इख न्हाई पाजलं." मी म्हटलं, "नीघ." साडी-चोळी ट्रंकंतच राहिली. ओटी न भरता माहेरवाशीण गेली माझ्या दारातनं.

तिसऱ्या दिवशी मामा बरळायला लागले. अंग गार, डोळे आत गेलेले. दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर बारका डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "पाणी किती पीत होते?" आता बघा वन्सं, तवा मला माहीत होतं. पुरं न्हाई पण पोटात कुठंतरी माहीत होतं की हे पाण्यावाचून झालंय. आन् म्हणूनच मी मोठ्यानं बोलले. म्हटलं, "मी सव्वा लिटरच्या वर थेंब दिला न्हाई. ह्यांच्या लेकीनं यात्रेला येऊन चोरून तांब्याच्या तांब्या ताक पाजलं." त्यानं लिहून घेतलं. पाणी जादा झालं समजून पाणी काढायचं इंजेक्शन दिलं. माझ्या बोलण्यावर दिलं.

संध्याकाळी रगताचा रिपोर्ट आला. मोठे डॉक्टर आले, तेच, हंगामाचं सांगणारे. हे खाली औषधं आणायला गेले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, खरं सांगा. ताक किती प्यायले?"

"पेलाभर."

"मग मघाशी तांब्याच्या तांब्या का सांगितलंत?"

मी जिन्याकडं बघितलं, हे वर येतात का म्हणून.

"यांच्या अंगात पाणी जास्त नाहीये. पाणी आटलंय. एवढ्या उन्हात घामानं पाणी जातं, मीठ जातं, वर तीच गोळी. रक्त घट्ट झालं, किडनी थकली, आणि सगळा ताण त्या अशक्त हृदयावर आला. मार्चअखेर का आणलं नाहीत? मी गोळी निम्मी केली असती, पाणी वाढवलं असतं."

मी म्हटलं, "यात्रा होती."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आन् आत गेले. सलाइन लावलं. चार दिवस लावलं. उशीर झाला होता.

हे वर आले. विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, "तेच. जादा पाणी झालं."

बस. एवढंच बोलले मी. पुढचं गावानं केलं. तुमी बाप मारला असं मी कवाच तोंडानं म्हटलं न्हाई. लोकं म्हणायची तवा मी पदर तोंडाला लावायचे, लोकांना वाटायचं रडतीया. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी माफ केलंय. ते लिहिताना माझा हात कसा झडला न्हाई!

आता पाव्हण्यांचं. आटपाडीचं ऊन आमच्यापेक्षा कडक. आजच्या आज त्यांना विट्याला न्या. तोंड कोरडं पडतं का, उभं राहिलं की अंधारी येती का, लघवी पिवळी आन् थोडी होती का, सगळं सांगा, काय झाकू नका. तुमच्या मनानं पाणी वाढवूबी नका, गोळी बंदबी करू नका. डॉक्टर सांगंल तसंच. आन् मी सांगितलं म्हणून करत नसाल तर नका करू, तुमच्या आबांच्या टॉवेलासाठी करा.

मंगल

२ एप्रिल २०२५

वन्सं,

कोंडीबानं फोनवर सांगितलं. तुमी त्याच दिवशी पाव्हण्यांना जीपनं नेलं. गोळी निम्मी झाली, पाणी दोन लिटर केलं, दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं न्हाई म्हणून सांगितलं. प्रेशर लय खाली गेलं होतं, अजून आठ-पंधरा दिवस गेले असते तर अवघड होतं असं डॉक्टर म्हणाले म्हणं. मी फोन ठेवला आन् गोठ्यात जाऊन बसले. म्हैस माझ्याकडं बघत राहिली.

तुमचा निरोपबी मिळाला. "कागदावर कबूल व्हायला वैनीचं काय जातंय? मला लांब उभं केलं घाटावर. सांगायचं तर घाटावर सांगावं."

खरं लिहू? मला राग आला. दोन दिवस मी भांडी आपटली. म्हटलं, एवढं लिहिलं, अजून काय पायावर डोकं आपटू? ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काय न्हाई, उकडतंय.

तिसऱ्या दिवशी राग गेला आन् भ्या राहिलं. मला भ्या गावाचं न्हाई, ह्यांचं हाय. हे मारतील म्हणून न्हाई, ह्या माणसानं कवा हात उचलला न्हाई. पण मागल्या राखीला तुमी टपालानं राखी धाडली होती, ती ह्यांनी न उघडता परत धाडली. पाकिटावर पत्ता ह्यांनीच घातला, मी शेजारी उभी होते. मी डिंक आणून दिला.

घाटावर सांगीन असं लिहीत न्हाई. लिहायचं मला आता सोपं झालंय, त्यावर तुमी विश्वास ठेवू नका.

मंगल

२१ एप्रिल २०२५

वन्सं,

काल वर्षश्राद्ध झालं. तुमी आला न्हाई ते बरोबर केलं.

सकाळी नऊलाच ऊन चढलेलं. घाटाच्या पायऱ्या तापल्या होत्या, सगळे पाय उचलून उचलून ठेवत होते. भावकी पन्नासभर. बायका पिंपळाच्या सावलीत. मधी चुलत सासूबाई भामाबाई, ज्यांनी तुमाला तवा हात धरून लांब नेलं होतं. त्या मला म्हणाल्या, "मंगल, लेक आली न्हाई बघ. तोंड कुठाय यायला?"

पिंड ठेवले. कावळा शिवंना. तासभर झाला. पुरुष मंडळी एकेक करून पाण्याजवळ जाऊन बोलायला लागली, नातवाचं शिक्षण करू, रान विकणार न्हाई, असं. भामाबाई म्हणाल्या, "लेकीचं दुखणं असंल मनात. म्हणावं, बाबा, लेकीला माफ कर."

मी उठले. पायात चप्पल नव्हती, तशीच पायऱ्या उतरून गेले. बाई माणूस पुढं आलं म्हणून भटजी बघायला लागले. मी बोलले. मोठ्यानंच बोलले, मला बारीक बोलता येत न्हाई. तारीख सांगितली. बाटली सांगितली. पत्र्याची खोली सांगितली, टॉवेल सांगितला. एक पेला ताक आन् माझं तांब्याच्या तांब्या. इंजेक्शन. डॉक्टर काय म्हणाले आन् मी ह्यांना काय सांगितलं. शेवटी म्हटलं, "साळूबाईनं बापाच्या जिवाला शेवटचा गारवा दिला. मारला मी."

 मग भामाबाईच म्हणाल्या, "अगं, आता बोलून मेलेलं माणूस उठतंय व्हय? गप बस. जेवणं निवत्यात."

मी म्हटलं, "निवू देत."

कावळ्याचं विचारू नका. तो शिवला का न्हाई ते मी बघितलंच न्हाई. मी ह्यांच्याकडं बघत होते. हे पाण्यात उभे होते गुडघाभर. हातात दर्भाची अंगठी.  मग म्हणाले, "मी माझ्या बहिणीची राखी परत धाडली." एवढंच. मला न्हाई म्हणाले, पाण्याकडं बघून म्हणाले. ओल्या धोतरानंच घरी चालत आले. जेवले न्हाईत. काल रात्री आन् आज सकाळी स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.  आज बाया आल्या होत्या, ओसरीवर बसून माझ्याकडं बघून गेल्या. एक म्हणाली, "मंगलनं केलं ते बरं केलं," तर दुसरी म्हणाली, "बरं करायला वरीस लागलं व्हय?" दोघींचंबी खरं हाय.

एक राहिलंय. घाटावर एवढं बोलले पण हे सांगायला जीभ वळली न्हाई.

मामा गेले त्या सकाळी शुद्धीवर होते. घटकाभर अगदी चांगले. हे चहाला गेलेले. त्यांनी विचारलं, "साळू आली का?" मी म्हटलं, "निघालीया." वन्सं, तुमाला ते ॲडमिट हायत हेच कळवलेलं नव्हतं. ह्यांनी मला सांगितलं होतं फोन करायला, मी केला म्हणून सांगितलं. केला नव्हता. तुमी आला असता तर त्या डॉक्टरनं ह्यांच्यासमोर तुमाला विचारलं असतं, ताक किती पाजलं. म्हणून न्हाई केला. मामा दाराकडं तोंड करून पडून राहिले. दोनदा विचारलं, "आटपाडीची गाडी किती वाजता असती?" मी म्हटलं, "येईल आता." अकराला गेले. तोंड दाराकडंच होतं.

लोकं म्हणत्यात तुमी शेवटच्या घडीला बाप बघायला आला न्हाई. तुमी आला न्हाई असं न्हाई. तुमाला बोलावलंच न्हाई.

माफी मागत न्हाई. मागितली तर तुमाला हो किंवा न्हाई म्हणावं लागंल, ते ओझं कशाला आणखी. तुमी ह्या घरात या असंबी म्हणत न्हाई, घर तुमचं हाय, मी कोण बोलावणारी.

हे उद्या सकाळच्या गाडीनं तुमच्याकडं यायला निघणार हायत. मला सांगितलं न्हाई, पण धोतर-टोपी काढून ठेवलीया आन् शेजाऱ्याला दूध काढायला सांगताना ऐकलं. मी येत न्हाई. त्यांना दार उघडा. उन्हातनं येतील, आल्या आल्या पाणी द्या.

हे पत्र त्यांच्याच पिशवीत ठेवते. पाकीट चिकटवलेलं न्हाई. वाटेत उघडलं तर उघडूदे. विट्यापातूर दोन तास हायत, तेवढ्यात वाचून होईल. मी तुमाला फोन केलाच नव्हता, हे त्यांना अजून ठाऊक न्हाई.

कागद जपून ठेवा. कुणी कवा तुमाला परत बोललं तर पुढं टाका. अक्षर माझंच हाय हे सगळी भावकी वळखती. तरी खाली पुरं नाव लिहिते, नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते.

सौ. मंगल धनाजी घाडगे
उंब्रज